घरातल्या पाण्याचा हिशेब कसा मांडावा आणि ते वाया कुठे जाते हे कसे शोधावे

विजेच्या बिलावर युनिट छापलेले असतात आणि गॅसचा सिलिंडर कधी लावला ती तारीख स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहिलेली असते. पाण्याची मात्र बहुतेक फ्लॅटमध्ये अशी कोणतीच नोंद नसते. पाणीपट्टी घरपट्टीत किंवा सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये मिसळून गेलेली असते, टाकी गच्चीवर असते आणि नळ सोडला की पाणी येते, त्यामुळे दिवसाला आपले घर किती लिटर पाणी वापरते या प्रश्नाला ‘लागेल तेवढे’ याखेरीज उत्तर नसते. दात घासताना नळ बंद ठेवा, पाहुण्यांना अर्धाच पेला पाणी द्या, असे जे सल्ले वरचेवर ऐकायला मिळतात ते चुकीचे नाहीत, परंतु त्यांचे लक्ष डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्यावरच असते. प्रत्यक्षात मोठा वाटा फ्लशच्या टाकीतून, गरम पाण्याची वाट पाहताना, शुद्धीकरण यंत्राच्या बारीक नळीतून आणि रात्री भरून वाहणाऱ्या टाकीतून निघून जातो. म्हणून सुरुवात सवयी बदलण्यापासून न करता मोजण्यापासून करावी.

तुलनेसाठी एक आकडा हाताशी असलेला बरा. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. ग्रामीण घरांसाठी जलजीवन मिशनने ५५ लिटरचे प्रमाण ठेवले आहे. या १३५ लिटरची प्रचलित विभागणी अशी आहे: अंघोळ ५५, फ्लश ३०, कपडे २०, भांडी १०, घराची स्वच्छता १०, स्वयंपाक ५ आणि पिणे ५. चौघांच्या घरासाठी हा हिशेब ५४० लिटरवर जातो. या विभागणीत खाण्यापिण्याला माणशी जेमतेम १० लिटर लागतात, म्हणजे पिण्यायोग्य केलेल्या पाण्यापैकी फार मोठा भाग आपण अंग, कपडे, फरशी आणि शौचालय धुण्यासाठी वापरतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

मोजणी

घराला स्वतंत्र मीटर असेल तर काम सोपे आहे. मीटरवरचे काळे आकडे बहुधा घनमीटर दाखवतात आणि एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. लाल आकडे किंवा लहान तबकड्या त्याखालचा भाग दाखवतात. रात्री सगळे झोपण्यापूर्वी आणि सकाळी पहिला नळ सोडण्यापूर्वी असे दोन आकडे लिहून घ्यावेत. मधल्या वेळेत कोणीही पाणी वापरलेले नसताना आकडा पुढे सरकला असेल तर घरात कोठेतरी गळती आहे. बऱ्याच मीटरवर एक इवलेसे चक्र असते, जे अगदी थोड्या प्रवाहानेही फिरते. सर्व नळ बंद असताना ते फिरताना दिसले, तर रात्रभर थांबण्याचीही गरज नाही. मात्र मीटरनंतर घरात स्वतःची टाकी असेल, तर ती भरून तिचा बॉलकॉक (टाकी भरल्यावर तरंगत्या गोळ्याने आवक बंद करणारा कॉक) बंद झाल्यावरच ही तपासणी करावी, अन्यथा टाकी भरण्याचे पाणी गळती म्हणून मोजले जाईल.

मीटर नसले आणि बंगल्याची किंवा माळ्यावरची स्वतःची टाकी असली, तर टाकीलाच मीटर बनवता येते. टाकीत येणारे पाणी बंद करून आत सरळ काठी उभी धरावी आणि ओली खूण मोजावी. गोल उभ्या टाकीचा आतला व्यास १ मीटर असेल, तर पातळी १ सेंटिमीटर उतरणे म्हणजे सुमारे ८ लिटर पाणी वापरले जाणे होय. सोसायटीत राहणाऱ्यांना टाकी सामाईक असल्यामुळे हा मार्ग उपलब्ध नसतो. त्यांनी बादलीचा आधार घ्यावा. बाजारात बादली जेवढ्या लिटरची म्हणून मिळते तेवढी ती आपण भरतोच असे नाही, म्हणून एक लिटरच्या बाटलीने पाणी ओतत बादलीच्या आतल्या बाजूला ५, १० आणि १५ लिटरच्या खुणा पक्क्या शाईने करून घ्याव्यात. त्यानंतर प्रत्येक नळाखाली ही बादली धरून, नळ आपण रोज जेवढा सोडतो तेवढाच सोडून, १० लिटर भरायला किती सेकंद लागतात ते पाहावे. एखादा नळ ६० सेकंद घेतो, तर दुसरा, खालच्या मजल्यावर दाब जास्त असल्यामुळे, ४० सेकंदांतच खूण गाठतो. पहिल्यातून मिनिटाला १० लिटर जातात, दुसऱ्यातून १५. एकदा हे कळले की पुढे फक्त वेळ पाहायची: भांडी घासताना सिंकचा नळ किती मिनिटे सुरू होता, शॉवर किती मिनिटे चालला.

ही नोंद एक आठवडा ठेवावी आणि त्यात रविवार असावाच, कारण गाद्यांची अभ्रे, न्हाणीघराची घासपूस आणि गाडी धुणे हे सगळे त्या दिवशी येते. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या वेळेत मोजणी करायची असेल तर त्यांना आधी सांगून करावी. नळ सुरू ठेवून भांडी घासण्याचे कारण बहुतेक ठिकाणी निष्काळजीपणा हे नसून घासलेली भांडी ठेवायला जागा नसणे, हे असते. सिंकशेजारी एक मोठे टोपले ठेवले, तर सगळी भांडी आधी नळ बंद ठेवून घासून मग एकदम विसळता येतात आणि नळ सुरू राहण्याचा वेळ लक्षात येण्याइतका घटतो.

गळती

मोजणीनंतर पहिला हात गळतीला घालावा, कारण तेथे कोणाचीही सवय बदलावी लागत नाही. घरातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात गुपचूप होणारी गळती फ्लशच्या टाकीत असते. ती तपासण्यासाठी टाकीचे झाकण उघडून पाण्यात कपड्यांच्या निळीचे चार-पाच थेंब टाकावेत आणि वीस मिनिटे कोणालाही फ्लश वापरू देऊ नये. शौचालयाच्या भांड्यातल्या पाण्यात निळसर छटा उतरली, तर टाकीच्या तळाशी असलेले रबरी वॉशर पाणी धरत नाही. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात या वॉशरच्या बैठकीवर क्षारांचा थर साचतो आणि नवे वॉशरही नीट बसत नाही, म्हणून बदलण्याआधी बैठक जुन्या टूथब्रशने घासून साफ करावी. टाकीतला तरंगता गोळा किंवा पेला जास्त वर लावलेला असेल, तर पाणी आतल्या उभ्या नळीच्या तोंडावरून अखंड वाहत राहते. अशा वेळी पातळी त्या तोंडाच्या दोन-अडीच सेंटिमीटर खाली राहील इतका स्क्रू फिरवणे पुरेसे होते. त्यासाठी प्लंबरला बोलावण्याचे कारण नाही.

ठिबकणारा नळ मोजायचा असेल तर त्याखाली पंधरा मिनिटे पेला ठेवावा आणि जमलेल्या पाण्याला ९६ ने गुणावे, कारण दिवसात पंधरा मिनिटांचे ९६ भाग असतात. पेल्यात १०० मिलिलिटर जमले तर दिवसाला साडेनऊ लिटरहून अधिक आणि महिन्याला जवळपास २९० लिटर पाणी गेले. जुन्या, तीन-चार वेढे फिरणाऱ्या नळात स्पिंडलच्या, म्हणजे आत फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकाला वॉशर असते आणि ते काही रुपयांत मिळते. अशा नळाला जोर लावून आवळत राहिल्यास वॉशर आणखी चिरते आणि काही दिवसांनी धातूची बैठकही खराब होते. पाव वेढ्यात बंद होणाऱ्या नव्या नळात वॉशर नसते, त्यात सिरॅमिकच्या चकत्या असतात, आणि गळू लागल्यावर आतला पूर्ण भाग त्याच कंपनीचा आणून बदलावा लागतो. दोन्ही प्रकारांत काम सुरू करण्यापूर्वी त्या नळाचा अँगल कॉक, म्हणजे त्याच्याकडे येणारे पाणी तोडणारा भिंतीतला लहान कॉक, बंद होतो की नाही हे पाहून घ्यावे, कारण वर्षानुवर्षे न हलवलेला कॉक ऐन वेळी जाम झालेला आढळतो. वर्षातून दोनदा घरातले सगळे अँगल कॉक उघडझाप करून ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे.

टाकी भरून वाहण्याचा प्रश्न एका घराचा नसतो, परंतु त्यात जाणारे पाणी सगळ्यांचे असते. गच्चीवरील टाकीची जादा पाण्याची नळी बहुधा गच्चीवरच सोडलेली असते, तेथून पाणी पावसाळी पन्हाळीत जाते आणि खाली कोणाला पत्ताही लागत नाही. ही नळी पुढे वाढवून पहारेकऱ्याच्या खुर्चीसमोर, जमिनीपासून हातभर उंचीवर आणून सोडावी. पंप बंद करण्याची आठवण याहून स्वस्तात कोणी करून देणार नाही. पातळीप्रमाणे पंप आपोआप बंद करणारे उपकरण बसवले तरी ही नळी असू द्यावी, कारण उपकरणही बिघडते. जमिनीखालच्या टाकीचे प्रकरण अधिक अवघड असते. पालिकेचे पाणी रात्री येत असेल आणि बॉलकॉक अडकलेला असेल, तर वाहून जाणारे पाणी थेट गटाराच्या वाहिनीत जाते आणि ते कोणालाच दिसत नाही. पाण्याच्या वेळेत झाकण उघडून टाकी भरल्यावर आवक खरोखर थांबते का, हे महिन्यातून एकदा कोणीतरी प्रत्यक्ष उभे राहून पाहावे.

फ्लश आणि अंघोळ

जुन्या फ्लशच्या टाक्या एका वेळी १० लिटर किंवा त्याहून थोडे अधिक पाणी सोडतात; दोन बटणांच्या नव्या टाक्या लहान बटणावर सुमारे ३ आणि मोठ्या बटणावर सुमारे ६ लिटर सोडतात. चौघांच्या घरात दिवसाला वीस वेळा फ्लश होतो असे धरले, तर जुन्या टाकीत २०० लिटर जातात. नव्या टाकीत सोळा वेळा लहान आणि चार वेळा मोठे बटण दाबले, तर ७२ लिटर पुरतात. दिवसाला १२८ लिटरचा हा फरक घरातल्या दुसऱ्या कोणत्याही एका बदलातून मिळणार नाही, त्यामुळे पाण्यासाठी खर्च करायचाच असेल तर पहिला खर्च येथे करावा, असे माझे मत आहे. टाकी बदलणे शक्य नसल्यास एक लिटरची बाटली पाण्याने भरून, बूच घट्ट लावून, आतल्या हलत्या भागांना अडणार नाही अशा कोपऱ्यात ठेवावी. वीट ठेवण्याची युक्ती अनेकजण सांगतात, परंतु वीट पाण्यात झिजते आणि तिची माती वॉशरखाली जाऊन बसते. एका बाटलीवर न थांबता तीन-तीन बाटल्या ठेवण्यातही अर्थ नाही. १० लिटरसाठी घडवलेले भांडे ७ लिटरमध्ये साफ होत नाही आणि मग फ्लश दोनदा केला जातो.

अंघोळीच्या बाबतीत बादली की शॉवर हा वाद मोजणीने मिटतो. भरलेली बादली १५ ते १८ लिटरची असते. मिनिटाला ९ लिटर सोडणारा शॉवर दोन मिनिटांत तेवढेच पाणी देतो आणि पाच मिनिटांत ४५ लिटर. शॉवर सोडवत नसेल तर साबण लावताना तो बंद करावा आणि त्याच्या मागे प्रवाह मर्यादित करणारी चकती बसवून घ्यावी. बेसिनच्या नळाला, दुकानदार ज्याला फोम फ्लो म्हणतात, ती जाळी लावावी. ती पाण्यात हवा मिसळते, त्यामुळे धार भरीव वाटते आणि पाणी कमी लागते. बादली भरण्याच्या नळाला मात्र ती लावू नये. बादलीला तेवढेच पाणी लागणार असते, फक्त वेळ जास्त जातो.

सौर बंबाचे गरम पाणी येईपर्यंत सोडून दिले जाणारे थंड पाणी पुण्यासारख्या शहरांतील सोसायट्यांमध्ये फार आहे. पाऊण इंची पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर किंवा किंचित अधिक पाणी मावते. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतचा पाइप ३० मीटर असेल, तर गरम पाणी पोहोचण्यापूर्वी त्यातले आठ-नऊ लिटर थंड पाणी बाहेर यावे लागते. घरातल्या चौघांनी तासातासाच्या अंतराने अंघोळी केल्या तर प्रत्येक वेळी पाइप पुन्हा थंड झालेला असतो आणि हे पाणी चारदा सोडावे लागते. एकापाठोपाठ एक अंघोळी उरकल्या तर ते एकदाच सोडावे लागते. ते पहिले पाणी वेगळ्या बादलीत घ्यावे. ते स्वच्छच असते आणि कपडे भिजवण्यापासून फरशी पुसण्यापर्यंत कशालाही चालते. उघड्या गच्चीवरील पाइपला उष्णतारोधक आवरण चढवले तर हिवाळ्यात हा अपव्यय आणखी कमी होतो.

स्वयंपाकघर

पाणी ‘शिळे’ झाले म्हणून ओतून देणे आणि पाणी आले की हंडे-कळशा ताज्या भरणे, ही रीत अजून अनेक घरांत आहे. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जेथे अशी वेळ आलेली असते किंवा नळ काही दिवसांच्या अंतराने येतो, तेथे कालचे पाणी कोणी ओतत नाही. झाकलेल्या, स्वच्छ भांड्यातले पाणी एका रात्रीत बिघडत नाही. ते बिघडते उघडे राहिल्याने आणि आत हात बुडवल्याने, म्हणून झाकण घट्ट असावे आणि पाणी दांड्याच्या ओगराळ्याने किंवा तोटीने काढावे. साठवणीची पिंपे मात्र आठवड्यातून एकदा रिकामी करून, आतून घासून कोरडी करावीत, कारण डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. ज्या दिवशी फरशी धुवायची किंवा कपडे भिजवायचे तोच दिवस यासाठी ठरवला, तर त्या पिंपातले पाणी वाया जाण्याचा प्रश्न उरत नाही.

आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने पाणी ढकलून क्षार वेगळे काढणाऱ्या, यंत्राविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी बाहेर टाकते. यंत्र जुने असेल, पडदा तुंबला असेल किंवा दाब कमी असेल तर त्याहूनही अधिक. ते यंत्र पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दिवसाला १५ लिटर पाणी देत असेल, तर ४५ लिटर सिंकमध्ये जातात. पहिला प्रश्न हा विचारावा की आपल्याला आरओची गरज आहे का. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि सह्याद्रीतल्या धरणांतून येणारे पालिकेचे पाणी सहसा तिच्या बरेच खाली असते. अशा पाण्याला गाळणी आणि अतिनील किरणांचे यंत्र पुरते, ते पाणी बाहेर टाकत नाही. विक्रेता घरी येऊन, पाण्यात विजेचे दोन खांब बुडवून गढूळ साका काढून दाखवतो, त्यावर विश्वास ठेवू नये. तो साका बहुतांशी त्या खांबांच्या धातूचा असतो. क्षार मोजण्याचे लेखणीएवढे मीटर मिळते, ते घेऊन स्वतः पाहावे. मात्र हे मीटर फक्त क्षार सांगते, जंतू सांगत नाही. पाणी बोअरचे किंवा टँकरचे असेल आणि क्षार खरोखरच जास्त असतील, तर आरओ ठेवणे भाग आहे. मग त्याची नळी सिंकमध्ये न सोडता झाकणाच्या पिंपात सोडावी. ते पाणी फरशी पुसायला, भांड्यांची पहिली खरकटी धुवायला आणि फ्लशला चालते. कुंड्यांना ते नेहमी घालू नये, मातीवर पांढरा थर येतो. गाडीच्या काचा त्याने धुतल्यास डाग राहतात.

डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी कुंड्यांना घालणे बहुतेक घरांत होतेच. पालेभाजी नळाखाली धरण्यापेक्षा पातेल्यात दोनदा बुडवून काढली, तर माती खाली बसते आणि भाजी अधिक स्वच्छ निघते. मीठ घातलेले उकळणीचे पाणी कुंड्यांना घालू नये.

कपडे, आणि वापरलेल्या पाण्याचा दुसरा फेरा

वरून कपडे टाकायच्या मोठ्या स्वयंचलित यंत्राला एका धुण्याला १०० लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागू शकते, समोरून उघडणाऱ्याला साधारण निम्मे पुरते. असलेले चांगले यंत्र केवळ यासाठी मोडीत काढावे असे नाही. ते भरल्याशिवाय लावू नये आणि कपडे फार मळलेले नसतील तर जादा खळबळीचे बटण दाबू नये, एवढे केले तरी पुष्कळ झाले. यंत्राची सांडपाण्याची नळी मोठ्या पिंपात सोडून पाहिल्यास पहिले पाणी काळे आणि शेवटचे जवळजवळ नितळ असते, असे दिसून येईल. हे शेवटचे पाणी पुढच्या धुण्यातले पायपोस आणि फडकी भिजवायला वापरावे. डिटर्जंटच्या पाण्यातील सोडियममुळे माती घट्ट होत जाते, त्यामुळे ते झाडांना न घालता शौचालयात वापरावे, आणि तेही थेट भांड्यात बादलीने ओतावे. फ्लशच्या टाकीत ते भरल्यास फेस आणि धागे आतल्या वॉशरवर चिकटतात. वापरलेले पाणी एक दिवसापेक्षा अधिक साठवू नये, त्याला वास येऊ लागतो. तान्ह्या बाळाचे लंगोट किंवा आजारी माणसाचे कपडे धुतलेले पाणी या फेऱ्यात घेऊ नये.

सोसायटीत हे मांडताना घरागणिक छोट्या आकड्याचा गुणाकार करून दाखवावा. चाळीस घरांनी दररोज प्रत्येकी ३० लिटर कमी वापरले, तर दिवसाला १२०० आणि महिन्याला ३६,००० लिटर होतात, म्हणजे १० हजार लिटरचे साडेतीन टँकर; त्याची त्या महिन्यातली किंमत सभेत सर्वांना ठाऊक असते. पाण्याचा खर्च समान वाटला जातो तोवर कमी वापरणाऱ्याला त्याचा लाभ मिळत नाही, म्हणून घरागणिक मीटर बसवणे न्याय्य आहे. जुन्या इमारतीत एकाच घरात तीन-चार उभ्या पाइपांतून पाणी शिरत असल्यामुळे प्रत्येक पाइपवर एक मीटर लागतो आणि खर्च वाढतो. तेथे निदान इमारतीगणिक एक मीटर लावून महिन्याचा आकडा जिन्यातल्या फलकावर लिहावा.

बाहेरगावी जाताना घराचा मुख्य कॉक बंद करावा. मीटर असल्यास त्याच्या आकड्याचे छायाचित्र काढून ठेवावे, फ्लशच्या टाक्यांचे अँगल कॉकही बंद करावेत आणि कपड्यांच्या यंत्राला जाणारी नळी दाबाखाली राहू देऊ नये, कारण ती फुटते तेव्हा घरात सहसा कोणी नसते.